साडूपेक्षा पंचवीस लिटर मोठा

मी हावरा नव्हतो, हे आधी सांगतो. खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं मला कधी वेड नव्हतं. कंपनीचे दोन युनिफॉर्म आणि लग्नकार्याला एक सफारी, एवढ्यात माझी बत्तीस वर्षं निघाली. मी जळका होतो. अजूनही आहे. बायको गेल्यावर माणूस शांत होतो असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या बायका जिवंत असाव्यात.

शिक्षण माझं सातवी. हडपसरकडे एका कारखान्यात लेथ चालवायचो. वारज्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, स्वतःचा. एक मुलगी, कराडला दिलेली, तिचं बरं चाललेलं. जळायला काही कारण नव्हतं. होतं ते एकच, आणि ते शनिवार पेठेत राहत होतं. माझा साडू.

बायकोच्या मोठ्या बहिणीचा हा नवरा. सरकारी कचेरीत कारकून. खर्च वाचावा म्हणून सासऱ्यांनी दोन्ही मुलींची लग्नं एकाच मांडवात लावली होती. त्याच्या पंक्तीला जिलबी दोनदा फिरली आणि माझ्या पंक्तीपर्यंत येताना संपली. तिथून सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

पण दोघी बहिणींचं वेगळं होतं. त्यांना भाऊ नव्हता. आईवडील लवकर गेले. बायकोला माहेर म्हणून काय ते अक्काचं घर. बायको तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणतो. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. या दोघी दर वर्षी शनिवार पेठेतल्या त्या घराच्या गॅलरीत उभ्या राहून ओवाळायच्या. बीजेचा चंद्र, दिवेलागणीला जरा दिसतो आणि लगेच बुडतो. त्याच्या आत ओवाळून व्हावं म्हणून दोघींची धांदल. मग जेवणं, मग दोघी स्वयंपाकघरात बसून काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. वर्षभरात बायको माझ्याकडे काही मागायची नाही. तो एक दिवस मागायची.

साडूचा मुलगा हुशार निघाला. इंजिनियर झाला आणि हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. तेव्हा पुण्यात हे जोरात चाललं होतं. कालचं पोर आणि पगार बापाच्या तिप्पट. न्यायला-आणायला कंपनीची गाडी. वर्षभरात साडूच्या घरात फ्रिज आला, गिझर आला. आम्ही गेलो की साडू दारातच सुरू व्हायचा.

"या साडूबुवा. टॉवेल आणलाय का? आमच्याकडे आता बटण दाबलं की गरम पाणी येतं."

"घरून अंघोळ करून आलोय."

"बंबावर? जपून ठेवा हो तो बंब. पुढेमागे म्युझियमवाले विचारतील."

अक्का आतून ओरडायची, "अहो, पाणी तरी विचारा आधी!" साडू म्हणायचा, "थंड देऊ का? फ्रिजमधलं देऊ?"

ते थंड पाणी पिताना माझा घसा जळायचा. खोटं नाही सांगत.

त्याच सुमारास पगाराच्या दिवशी आमच्या कँटीनबाहेर एक टेबल लागलं. मागे दोन मुली, गळ्यात पट्टे. "काका, क्रेडिट कार्ड घ्या. फ्री आहे. परमनंट आहात ना? मग फक्त सही." पहिल्या वर्षी फुकट, आणि वर एक प्रवासी बॅग. मी बॅगेसाठी सही केली. महिन्याभरानं कार्ड घरी आलं. बायकोनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "हे कशाचं? रेशनचं का?"

"याच्यावर वस्तू मिळते. पैसे नंतर."

"म्हणजे उधारी."

"उधारी नाही. उधारीत वाणी तोंड वाकडं करतो. इथं सर म्हणतात."

साडूचा फ्रिज एकशे पासष्ट लिटरचा. हे मला माहीत होतं, कारण मी त्याच्या दारावरचा कागद वाचून ठेवला होता. मी एकशे नव्वदचा घेतला. टिळक रोडवरच्या दुकानात कार्ड मशीनवरून ओढलं, चिठ्ठी आली, मी सही केली. दुकानदार खरंच सर म्हणाला. फ्रिज घरी आला तो स्वयंपाकघराच्या दारातून जाईना. मग बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभा केला. पाहुणा आला की आधी फ्रिजला धडकायचा. बायको त्यात दूध आणि अर्धं लिंबू ठेवायची. म्हणायची, "बाकी जागेत काय ठेवू? रोजची भाजी रोज आणता तुम्ही."

साडू बघायला आला. मी लिटर सांगितले. तो म्हणाला, "छान. दोन माणसांना एकशे नव्वद. म्हणजे एकेकाला पंचाण्णव आलं." मला ते लागलं नाही. पंचवीस लिटरचा आनंद आठवडाभर पुरला.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कंपनीत कामगारांची पतपेढी होती. मुलीच्या लग्नाला, घराला, मी तिथूनच कर्ज काढलेलं. त्यात डोकं लावायला लागत नाही. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जातो, आणि एक दिवस कापायचा थांबतो. म्हणजे कर्ज संपलं. कर्ज म्हटलं की माझ्या डोक्यात हेच. बँकेचा कागद यायचा सगळा इंग्रजीत. त्यावर दोन आकडे, एक मोठा आणि एक छोटा. छोट्या आकड्याबद्दल मी फोन करून विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, "सर, एवढे भरले तरी चालतील." मी समजलो, हा हप्ता. बँकेनं आपल्यासाठी पाडून दिलेला. मी एकही चुकवला नाही. तारखेच्या आधी दोन दिवस रांगेत जाऊन भरायचो आणि छाती काढून परत यायचो.

इतकं चोख भरतोय म्हणून बँकेनं पत्र पाठवलं. तुमची लिमिट वाढवली आहे. मला वाटलं, ही बढती. इतक्या वर्षांत कंपनीनं असं पत्र दिलं नव्हतं. मी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि साडूला नेऊन दाखवलं. साडूनं चष्मा लावून वाचलं, परत दिलं आणि पहिल्यांदा काही बोलला नाही. परत येताना बसमध्ये मला हसू आवरेना. बायको खिडकीबाहेर बघत होती.

मग मी थांबलोच नाही. साडूकडे वॉशिंग मशीन आलं, माझ्याकडे आलं. त्याच्याकडे सोफा, माझ्याकडे कोपऱ्याचा सोफा. त्याचा मोबाइल साधा, माझा रंगीत. मोबाइलवर फोन करणारं कोणी नव्हतं. मुलगी घरच्या फोनवरच करायची. मी बसमध्ये उगाच कानाला लावायचो.

पुढे त्याच्या मुलानं बावधनला मोठा फ्लॅट घेतला. तीन बेडरूम. साडू शनिवार पेठेतलं बिऱ्हाड सोडून तिकडे गेला. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, आहेर असा न्यायचा की हॉलमध्ये ठेवल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं पाहिजे, कोणी दिला. बायको म्हणाली, "साडीचोळी आणि नारळ न्यावा. अक्का काय परकी आहे?" मी ऐकलं नाही. भिंतीवरचं मोठं घड्याळ पसंत केलं, तासातासाला गाणं वाजवणारं. दुकानदारानं कार्ड ओढलं. परत ओढलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, चालत नाहीये. दुसरं कार्ड आहे का?"

सरवरून काका.

मी आवाज चढवला. "एक हप्ता चुकवलेला नाही मी! मशीन बघा तुमचं." मागे चारपाच गिऱ्हाइकं. बायकोनं माझ्या कोपराला धरलं आणि बाहेर आणलं. रस्त्यावर म्हणाली, "चला, साडी घेऊ. माझ्याकडे आहेत थोडे."

"रिकाम्या हातानं गेल्यासारखं होईल."

"साडी म्हणजे रिकामा हात?"

मी गेलो नाही. तिलाही जाऊ दिलं नाही. अक्काला फोनवर सांगितलं, ताप आलाय. भाऊबीज आली तेव्हा कंबर धरली होती. पुढच्या भाऊबीजेपर्यंत साडूच्या दारात गाडी उभी राहिली होती, आणि गाडीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तेव्हाही नाही. अक्काचे फोन यायचे. बायको फोन घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अगं, यांना बरं नाही." दोन्ही वर्षी ती ताम्हन घेऊन एकटी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेली. दुसऱ्या वर्षी मी मागून गेलो. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून ओवाळत होती. वारं होतं, निरांजन विझत होतं. तिनं तीनदा लावलं. मी पुढे होऊन हात आडवा धरायला हवा होता. मी जिन्यात उभा राहिलो.

त्यानंतर चार दिवसांनी मी पाळी करून दुपारी घरी आलो तर दाराला कुलूप. संध्याकाळी आली.

"कुठे होतीस?"

"अक्काकडे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता." तिनं पिशवीतून बँकेचे सगळे कागद काढून सोफ्यावर ठेवले. "हे घेऊन गेले होते. पोरानं वाचून दाखवले."

साडूच्या घरात, साडूच्या मुलानं, माझे कागद. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिनं बोलू दिलं. मग म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही. तुम्हाला येत नाही. ज्याला येतं त्याच्याकडे नेलं. आता ऐका. तुम्ही भरता तो हप्ता नाही. तो नुसता व्याजात जातो. फ्रिजचे पैसे अजून तसेच आहेत."

"तीन वर्षं भरतोय मी."

"तीन वर्षं लेथ फिरवलात आणि लोखंड कापलंच गेलं नाही, असं समजा."

मी खाली बसलो. मला पैशांपेक्षा हेच डसत होतं, की हे साडूला कळलं. तिलाही ते दिसलं असणार. ती समोर येऊन बसली.

"भांडी विकते, सोनं विकते असलं काही मी म्हणत नाही. ते तुम्ही फेडाल. पण माझी बहीण मला परत द्या. तुमच्या साडूशी तुमचं काय असेल ते असो. दोन भाऊबीजा तुम्ही मला एकटीला ठेवलंत. आता तिसरी नाही."

फेडायची युक्तीही तिचीच. म्हणाली, पतपेढीचं कर्ज काढा, ते बँकेत एकदम भरून टाका आणि मग पतपेढीचा हप्ता कापू द्या. तो हप्ता तरी संपतो. पतपेढीचा सेक्रेटरी माझ्याच खात्यातला. फॉर्म भरताना म्हणाला, "कारण काय लिहू? लग्न झालं, आजारपण नाही."

"घरदुरुस्ती लिही."

"काय दुरुस्त करतोयस?"

"तू लिही रे."

पण कार्ड बंद करायला इंग्रजीत पत्र हवं होतं. फोन केला की ती मुलगी गोड बोलून नवीनच काहीतरी गळ्यात मारायची. पत्र कोण लिहिणार? बायको म्हणाली, "बावधनला जाऊ. आणि एक सांगते. तिथं जे नवीन दिसेल त्याला तोंडानं छान म्हणायचं. मोठ्यानं. साडूच्या तोंडावर."

"मला जमणार नाही."

"तेच तर. मनात ठेवता, मग दुकानात जाता. तिथल्या तिथे बोलून टाका."

आम्ही गेलो. हातात पेढ्यांचा पुडा, बस्स. साडूनं दार उघडलं. "या, या! बरं वाटतंय का आता? ताप, कंबर, सगळं गेलं?"

"गेलं."

"आणि लिमिट?"

बायकोनं मागून माझ्या पाठीत बोट टोचलं. मी घर बघितलं. "फ्लॅट छान आहे," मी म्हटलं. पुण्यात दुसऱ्याच्या घराला छान म्हणणं सोपं नाही, त्यातून साडूच्या. साडूनं माझ्याकडे बघितलं, आता पुढे काय चिमटा येतो म्हणून वाट बघत. काही आलं नाही. "सोफा छान आहे. खालची गाडी पण छान आहे." साडूनं मान हलवली. "बसा," म्हणाला. "पंखा लावू का?" एवढंच. मला आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पुरतं नाही. पण दातदुखी थांबताना जशी आधी ठणक कमी होते, तसं.

मुलानं पत्र लिहिलं. पोरगं चांगलं आहे, उगाच शिकवलं नाही मला. म्हणालं, "काका, आमच्या ऑफिसातपण कितीतरी जण मिनिममच भरतात. इंजिनियर आहेत सगळे." हे त्यानं माझी समजूत घालायला सांगितलं की खरं, देव जाणे. मी सही केली. आत दोघी हसत होत्या. दोन वर्षांचं हसणं साठलेलं, थांबेचना. साडू म्हणाला, "काय विनोद चाललाय? आपल्यावरच असणार."

सवय काही एका पत्रानं गेली नाही. पतपेढीचा हप्ता कापला जात होता तेव्हासुद्धा मी कर्वे रोडच्या दुकानांच्या काचेपुढे उभा राहायचो. साडूकडे भिंतीला लावायचा चपटा टीव्ही आला, तेव्हा मी दुकानात शिरून किंमत विचारून आलो होतो. बायकोला वास यायचा की काय कोण जाणे. "चला, बावधनला," म्हणायची. मी जायचो, "छान आहे" म्हणायचो, चहा प्यायचो, परत यायचो. कधी आठ दिवसांत ठणक जायची, कधी महिना लागायचा. नवीन कार्डाचे फोन यायचे. मी म्हणायचो, बायकोला विचारा, आणि तिच्या हातात द्यायचो. ती त्या मुलीला विचारायची, "जेवलीस का गं?" मुलगी गोंधळून फोन ठेवायची.

नऊ भाऊबीजा झाल्या तिच्या त्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत. मग पोटाचं दुखणं निघालं आणि पाच महिन्यांत गेली. त्याचं मी लिहीत नाही.

ती गेल्यापासून मला साडूच्या टीव्हीचं काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. त्याला अक्का ओरडते. "अहो, चप्पल आत आणू नका." "अहो, गोळी घेतलीत का?" तो वैतागून म्हणतो, "काय कटकट आहे." मला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटते. म्हातारपणी एवढं जळणं बरं नाही, पण हे असं आहे.

आणि अक्कावरही जळतो. तेराव्याला अक्का रडत रडत म्हणाली, "लहानपणी विहिरीत सूर मारायची हो. मुलगे काठावर उभे, आणि ही आधी." माझ्या बायकोला पोहता येत होतं. चाळीस वर्षं संसार केला आणि मला माहीत नव्हतं. खडकवासल्याला गेलो की मी तिला पाण्यापासून दोन हात लांब बसवायचो, पडशील म्हणून. ती बसायची. कधी बोलली नाही.

तेव्हापासून मी दर गुरुवारी बावधनची बस पकडतो. अक्का भाजी निवडत बसते आणि मी विचारतो. शाळेत कशी होती? कोणाशी भांडायची? अक्का एकेक सांगते. कैऱ्या चोरायची. मास्तरांच्या सायकलची हवा सोडायची. मी ऐकतो आणि मनात येतं, लग्नाआधीची अठरा वर्षं हिला मिळाली, तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. कधी म्हणते, "आता आठवत नाही हो," तर मला राग येतो. लपवून ठेवते आहे असं वाटतं.

मागच्या गुरुवारी अक्कानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मी इतकं सांगते," म्हणाली, "आता तुम्ही सांगा. ती दोन वर्षं तुम्ही येत नव्हता, तेव्हा काय करायची ती?"

साडू पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचं थांबवलं.

मला सांगायचं नव्हतं. तेवढंच माझ्याकडे होतं जे हिच्याकडे नव्हतं. ती दोन वर्षं हिची बहीण नुसती माझी होती, ती मी हिसकून घेतलेली असली तरी. अक्का थांबून राहिली. बायको थांबायची तशीच, हनुवटी जरा वर करून. हे मला आजवर दिसलं नव्हतं.

"गव्हल्यांची खीर करायची," मी म्हटलं. "दर आठ-पंधरा दिवसांनी. चाखायची आणि म्हणायची, अक्कासारखी होत नाही. वेलची जास्त झाली, दूध कमी झालं. मी म्हणायचो चांगली झालीय. तर म्हणायची, तुम्हाला काय कळतंय."

अक्कानं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "आणखी?"

मी आणखी सांगत गेलो.